बारा उपाशी ससे

अहो, परवा तुमचं चौदावं झालं आणि घर एकदाचं रिकामं झालं. इतके दिवस माणसं येत होती, आणि जो येईल तो जाजमावर बसून एकच बोलत होता, की डॉक्टर म्हणजे लई सरळ माणूस. शहापुरातल्या हातमागवाल्यांनी तेच सांगितलं, सांबऱ्याच्या तुमच्या भाऊबंदांनी तेच सांगितलं, निपाणीचे तंबाखूवाले मोटार करून आले आणि तेच बोलून गेले. मी भिंतीला टेकून डोळ्याला पदर लावून बसले होते. रडत होते, खोटं कशाला सांगू. पण 'सरळ माणूस' म्हटलं की माझं रडू आपोआप थांबायचं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

काल तुमच्या त्या वैद्यकाच्या मासिकाचे संपादक येऊन गेले. म्हणाले, वहिनी, दोन पानं लिहून द्या, पत्नीच्या नजरेतून. ज्या मासिकात तुम्ही माझ्या आप्पांचं नाव बुडवलंत, त्यात मी आता तुमचं नाव वर काढायचं. बरी रीत आहे. मी हो म्हणाले. पण लिहायला बसले तेव्हा कळलं, की मला लोकांना काही सांगायचं नाही, मला तुमच्याशी भांडायचंय. भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात. आयुष्यभर तुमची सवयच ती. मी बोलायला लागले की तुम्हाला पेशंट आठवायचा.

मला काय हवंय ते आधीच सांगते, म्हणजे मागाहून 'तू फिरवून बोलतेस' म्हणायला नको. आप्पांच्या पाल्याबद्दल तुम्ही छापलंत ते खोटं होतं, आणि ते खोटं होतं हे मला तिथंच छापून हवंय. तुमचे बाकीचे गुण सांगायला अख्खं बेळगाव पडलंय.

आठवतं का, आपला दिवाळसण? खानापूरच्या रानात आमचं गाव, शेवटचे तीन कोस बैलगाडी. तुम्ही बूट घालून आलात आणि चिखलात रुतलेला एक बूट तिथंच सोडावा लागला. आप्पा शेती करायचे आणि झाडपाल्याचं औषध द्यायचे. साखरेच्या आजाराची माणसं त्यांच्याकडं निपाणीपासून यायची. तहान भागत नाही, अंग झडतंय, लघवीला मुंग्या लागतात, असली. आप्पा त्यांना बेडकीच्या वेलाचा पाला सावलीत वाळवून, कुटून, पुडीत बांधून द्यायचे. अनशापोटी घ्यायचा, वर पाणी, आणि गूळ-साखर बंद. औषधाचं काही घ्यायचे नाहीत, एक नारळ तेवढा देवापुढं ठेवून घ्यायचे.

त्या दिवशी आप्पांनी तुम्हाला ओला पाला चावायला दिला. 'चावा जावईबापू, थुकू नका, चांगला घोळवा तोंडात.' मग आईनं तुमच्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. तुम्ही चावलात आणि तुमचं तोंड असं झालं की आई पदरात तोंड घालून हसायला लागली. लाडू माती लागला तुम्हाला. तुम्ही दुसरा मागितलात, तोही माती. गुळाचा खडा मागितलात, तो वाळू. तासभर तुम्ही आमच्या ओसरीवर लहान पोरासारखं गोडाचं एकेक चाखून बघत होता आणि आप्पा मांडी घालून समोर बसले होते. मी दाराआडून बघत होते. मला तुम्ही त्या दिवशी आवडलात. त्याआधी मी तुम्हाला नुसती भीत होते.

तेव्हाच तुम्ही म्हणालात, हे तपासायला हवं. जिभेला गोड कळत नाही म्हणजे रक्तातली साखर उतरते असं होत नाही. आप्पा म्हणाले, 'माणसाला गुण येतो, आणि काय तपासायचं?' तुम्ही म्हणालात, 'कुणाला येतो, किती येतो, पाल्यानं येतो की गूळ बंद केल्यानं, हे तुम्हाला ठाऊक आहे का?' आप्पा नंतर मला परसात म्हणाले, 'पोरगं बरोबर बोललं गं. मला न्हाय ठाऊक.' हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही चढून बसला असता म्हणून.

तुमचं बरोबर होतं, हे मी आजही म्हणते. औषध आधी जनावराला, मग माणसाला, हे तुमचं म्हणणं मला पटायचं. आप्पांना नाही पटलं. 'मुक्या जीवावर कशाला?' म्हणायचे. 'मग माणसावर करू का प्रयोग?' म्हणून तुम्ही विचारलंत तर म्हणाले, 'मी करतोच की. आधी माझ्यावर करतो. मलाबी हाय की साखर, सात वर्सं झाली. पैली पुडी रोज माझीच.' तुम्हाला ते हसण्यावारी न्यायचं होतं, पण नेता आलं नाही. तुम्ही त्यांचा वेल बघायला परसात गेलात.

मग शहापूरच्या घरामागं पत्र्याची शेड उभी राहिली. दवाखान्यात मिळालेलं सगळं त्या शेडीत गेलं, आणि मी एका शब्दानं अडवलं नाही. बारा खुराडी, बारा ससे. काकतीचा भैरू, तुमच्या दवाखान्याचा गडी, त्यांना लसूणघास घालायचा. तुम्ही प्रत्येकाच्या कानात शाईनं आकडा लिहिला. आप्पांनी गोणीभर पाला स्वतः गाडीत घालून आणून दिला. त्याचा अर्क मी काढायची. पाला उकळायचा, मलमलीतनं गाळायचा, पुन्हा आटवायचा. सहा सशांना तो अर्क आणि सहांना नुसतं पाणी, रबराच्या नळीनं, रोज सकाळी, तीन आठवडे. भैरू ससा गोणपाटात गुंडाळून धरायचा, मी कान गरम फडक्यानं शेकायची म्हणजे शीर फुगते, आणि तुम्ही सुई लावायचा. माझ्यासारख्या मराठी सहावी झालेल्या बाईला तुम्ही सूक्ष्मदर्शकातून रक्त दाखवलंत. 'बघ, नाण्यांसारखं दिसतं ना,' म्हणालात. ती सकाळ माझ्या आयुष्यातल्या चांगल्या सकाळींतली आहे. ती मी तुम्हाला परत करत नाही.

पण एक गोष्ट तुम्ही मला कधी सांगितली नाहीत, ती म्हणजे कशासाठी काय. हे कर, ते उकळ, हे धर. का, ते भैरूला नाही आणि मलाही नाही. विचारलं तर म्हणायचा, 'तुला कळून काय करायचंय?' तीन आठवडे भरायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही भैरूला सांगितलंत, 'आज घास घालू नको, उद्या दुपारपर्यंत काही नाही.' तेवढंच. उद्या शेवटचं रक्त काढायचंय, उपाशीपोटीच काढायला हवं, नाहीतर तीन आठवडे पाण्यात, असं एक वाक्य जास्त बोलला असता तर तुमच्या जिभेला काही झालं नसतं.

आणि उद्या बेंदूर होता.

तुम्ही सांबऱ्याच्या शेतकऱ्याचे, तुम्हाला बेंदूर काय ते सांगायला नको. पण तुम्ही डॉक्टर झालात तसं तुमचं पंचांग सुटलं. आमच्यात बेंदराला जनावराला काम नाही आणि जनावर उपाशी नाही. बैलाला पुरणपोळी, म्हशीला पोळी, कुत्र्यालाही दारात पोळी, आणि मग माणसांची पानं. त्याआधी माणसानं घास तोंडात घालायचा नाही. शहापुरात आपल्याकडं कुठले बैल? सकाळी नऊला माझ्या पोळ्या तयार झाल्या, तुम्ही व्हिजिटला गेला होता, भैरू पाणी भरत होता. मी नैवेद्याचं ताट घेऊन परसात आले आणि बघते तर घरातली जनावरं म्हणजे हे बारा ससे, खुराड्याच्या जाळीला नाक लावून बसलेले.

मी वैद्याची पोर आहे. अनशापोटी म्हणजे काय ते मला तुमच्याआधी ठाऊक. उपाशी ठेवायला सांगितलंय हेही कानावर होतं. तरी मला काय वाटलं सांगू? नैवेद्याचा घास म्हणजे काही जेवण नव्हे. चतकोर चतकोर तर द्यायची. सणाच्या दिवशी आपण पोटभर खायचं आणि दारच्या मुक्या जनावरानं बघत बसायचं, हे माझ्याच्यानं होईना. मी हळदकुंकू लावलं, पोळीचे तुकडे केले आणि बाराही खुराड्यांत टाकले. भुकेली होती बिचारी, खाली पुरण सांडलेलंसुद्धा चाटून घेतलं. वर मी हातही जोडले. हसा तुम्ही.

अकराला तुम्ही आलात, रक्त काढलंत. मग नळ्या, मग रंग, मग कागदावर आकडे. तुमचं तोंड उतरत गेलेलं मला स्वयंपाकघरातून दिसत होतं. बाराही जणांची साखर चढलेली, अर्कवाले आणि पाणीवाले सगळे सारखे. त्यानंतर ससे मारून आतलं बघायचं ठरलेलंच होतं. तुम्ही पहिला ससा चिरलात आणि थोड्या वेळानं भैरूला म्हणालात, 'तू जा घरी, सण आहे.' मला बरं वाटलं. म्हटलं, माणसाला सण आठवला. भैरू चार पोळ्या फडक्यात बांधून काकतीला गेला, आणि बाकीचे अकरा तुम्ही एकट्यानं चिरलेत.

दोनला तुम्ही पाटावर बसलात. दोन पोळ्या खाल्ल्यात, दुधाबरोबर. म्हणालात, 'पुरण चांगलं झालंय.' मी म्हटलं, 'आणखी वाढू?' तुम्ही म्हणालात, 'नको.'

चार महिन्यांनी मासिक आलं. 'एका रानवेलीच्या कीर्तीची परीक्षा.' तुमच्या नावाखाली छापलेलं. आप्पांचं नाव नव्हतं, पण गावाचं होतं, आणि त्या गावात पाला देणारा माणूस एकच. मी चुलीपुढं बसून वाचलं. पाल्याच्या अर्कानं रक्तातल्या साखरेत काहीही फरक पडत नाही, आणि अशा अडाणी समजुतींपायी गरीब रोगी योग्य उपचाराला मुकतात, असं शेवटी होतं. ते वाचून मला राग आला. पण त्याच्या वर एक वाक्य होतं, ते मी पुन्हा एकदा वाचलं. 'सर्व प्राण्यांना आदल्या संध्याकाळपासून पूर्ण उपाशी ठेवण्यात आले होते.'

तेव्हा मला कळलं मी काय केलं होतं ते. बाराही उपाशी नव्हते. बाराही गूळ खाऊन बसले होते, माझ्या हातचा. माझ्या बापाचा पाला माझ्याच पोळीनं हरवला होता, आणि जगात ते ठाऊक असलेली मी एकटी होते. असं मी धरून चालले. तुम्हाला येऊन सांगायचं म्हणून तीनदा शेडीच्या दारापर्यंत आले. तुम्ही मान वर न करता म्हणायचा, 'काय आहे?' आणि मी म्हणायची, 'चहा आणू का?' मला वाटायचं, तुमचे तीन आठवडे, बारा जीव, छापलेला कागद, सगळं मी नासवलंय, आणि तुम्ही मला पुन्हा त्या शेडीत पाऊल टाकू देणार नाही. भ्याले मी तुम्हाला. तुम्ही हात कधी उगारला नाहीत, पण तुमचं ते 'तुला कळून काय करायचंय' मला हातापेक्षा जड होतं.

आप्पांनी ते मासिक माझ्याकडूनच मागून घेतलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, 'आण गं, डॉक्टरनी लिवलंय, वाचू तरी.' चष्मा लावून दोनदा वाचलं. मला वाटलं फाडतील. आईनं तुम्हाला शिव्या द्यायला सुरुवात केली होती, 'पोरगी दिली त्याचं हे फळ' वगैरे. आप्पांनी तिला गप्प केलं. म्हणाले, 'त्याच्यावर कशाला डाफरतीस? सशाला काय सासरा-जावई कळतो व्हय? सशानं जे दाखिवलं ते त्यानं लिवलं. डॉक्टर खोटं लिवणारा माणूस न्हाय.'

ऐकताय ना? सगळं गाव तुम्हाला नावं ठेवत होतं तेव्हा तुमची बाजू कोण घेत होतं ते ऐका.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर वाळत घातलेला पाला त्यांनी गोळा करून उकिरड्यावर टाकला. परसातला वेल बुडातून कापला. निपाणीचा एक तंबाखूवाला आला होता, त्याला म्हणाले, 'शेठ, बेळगावास जा, माझ्या जावयाकडं. माझ्या पाल्यात काय न्हाय.' शेठजींना ते सोपं होतं. मुंबईहून इन्सुलिनची बाटली मागवायची त्यांची ऐपत होती. आमच्या रानातल्या कुळवाड्यांनी काय करायचं होतं? त्यांच्याकडं बाटलीही आली नाही आणि पालाही गेला. आप्पांनी आपली रोजची सकाळची पुडीही बंद केली. दुसऱ्याला जे द्यायचं नाही ते आपण कसं घ्यायचं, म्हणाले. त्यांना त्यानं खरंच गुण येत होता का, मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही, आणि माझा सगळा राग तिथंच आहे. पाल्यात काही नाही असं खरोखर निघालं असतं, तर आप्पांबरोबर मीही चार दिवस रडले असते आणि सोडून दिलं असतं.

मग लढाई आली, स्पिरिट मिळेना, तुमची शेड बंद पडली. तिथं आपण सरपण ठेवायला लागलो. तीन वर्षांपूर्वी आप्पांच्या पायाला जखम झाली, काटा बोचल्याचं निमित्त, आणि ती भरलीच नाही. ते आपल्या घरी, तुमच्या औषधावर असताना गेले. मागून आई गेली. आणि मी ते पोळीचं ओझं घेऊन तुमचा स्वयंपाक करत राहिले. एकदाही बेंदूर सुखानं झाला नाही माझा. पोळी लाटताना फाटून पुरण बाहेर यायचं, तुम्ही म्हणायचा, 'तुला बरं नाही का?'

यंदा बेंदराला तुम्ही खाटेवर होता. छातीत पाणी झालेलं, पाठीला तीन उशा लागायच्या. मी दुधात पोळी कुस्करून तुम्हाला चमच्यानं भरवत होते. तुमचं काही खरं नाही हे तुम्हालाही कळलं होतं, मलाही. म्हटलं, आता नाही बोलले तर हे बरोबर घेऊन मरायचं. मी म्हटलं, 'अहो, ते ससे उपाशी नव्हते. बेंदूर होता म्हणून सकाळी मी त्यांना पोळी घातली होती.'

तुम्ही तोंडातला घास गिळलात. म्हणालात, 'ठाऊक आहे.'

'काय ठाऊक आहे?'

'पोटात पुरण होतं. पहिला चिरला तेव्हाच दिसलं. हरभऱ्याची डाळ, पिवळीधमक. बाराच्या बारा.'

मी चमचा वाटीत ठेवला. मग मी विचारलं, 'मग तसं लिहिलं का नाही?' आणि तुम्ही, ज्यांनी लग्नानंतर घासून घासून माझं 'न्हाय' काढून 'नाही' केलंत, ते तुम्ही सांबऱ्याच्या बोलीत म्हणालात, 'काय लिवणार? बायकोनं सशांस्नी निवद दावला म्हणून? लोकं हसली असती. आधीच म्हणत्यात, कुळवाड्याचं पोरगं, ह्याला काय जमतंय.'

'पुन्हा बारा ससे आणायचे होते.'

'तेबी लोकांनी विचारलं असतं, का म्हणून.' थोडा दम घेतलात आणि म्हणालात, 'आणि तुला वाईट वाटलं असतं.'

हे शेवटचं तुम्ही तिथल्या तिथं जोडलंत. मी इतकी वर्षं तुमच्या घरात काढली, मला कळतं. माझ्या वाईट वाटण्यासाठी तुम्ही कधी साधी चहाची वेळ बदलली नाहीत. हसतील म्हणून भ्यालात, एवढंच. त्या भीतीची मला कीवही येते. मुंबईच्या कॉलेजात तुम्हाला पहिल्या बाकावर बसू देत नव्हते, हे तुम्ही एकदाच बोलला होता, दिवा घालवल्यावर. ते ऐकून मी तुमच्यासाठी रडले होते. पण त्यांनी तुम्हाला मागं बसवलं म्हणून तुम्ही माझ्या बापाला अडाणी म्हणून छापायचं? ज्यानं तुम्हाला आपल्या हातानं पाला आणून दिला, त्याला? आणि तेही पोटातलं पुरण डोळ्यांनी बघून, हात धुऊन, त्याच पुरणाच्या दोन पोळ्या खाऊन? 'पुरण चांगलं झालंय' म्हणालात तेव्हा तुम्ही मला बोलायची संधी देत होता, की टोमणा मारत होता, हे मला अजून कळलेलं नाही. ते विचारायचं राहिलं.

त्याच दिवशी मी दौत, टाक आणि कागद आणून तुमच्या खाटेवर ठेवला. म्हटलं, लिहा. दोन ओळी लिहा. तुम्ही म्हणालात, 'आता कशाला? आप्पा गेले.' मी म्हटलं, म्हणूनच. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. त्यानंतर महिनाभर जगलात. रोज सकाळी मी तो कागद तुमच्या उशाशी ठेवायची आणि रोज संध्याकाळी कोरा उचलायची. तुमचा हात चालत होता हो. भाच्याला पत्र लिहिलंत, वाण्याची यादी लिहिलीत. शेवटच्या आठवड्यात मी कागद ठेवायचा बंद केला, कारण तुम्हाला धाप लागायला लागली आणि माझ्याच्यानं बघवेना. रात्रंदिवस पाठ चोळून दिली तुमची. चोळताना मनातून तुम्हाला शिव्याही दिल्या. दोन्ही खरं आहे.

तर तो कोरा कागद मी आज वापरलाय. हे सगळं संपादकांना देणार नाही, त्यांना चार ओळी पुरेत. 'अमुक लेखातले ससे उपाशी नव्हते. त्या सकाळी मी त्यांना पुरणपोळी घातली होती. ससे चिरताना माझ्या पतीला ते दिसले होते आणि त्यांनी ते लिहिले नाही. माझ्या वडिलांचा पाला अजून कुणी तपासलेला नाही, कुणाला तपासायचा असल्यास वेल कुठं मिळतो ते मी दाखवीन.' खाली माझं नाव. भैरू उद्या नेऊन देईल. त्याला वाचून दाखवलं तर गडी उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, 'आक्का, चौदावं कालपरवा झालं. लोक काय म्हणतील?' मी म्हटलं, भैरू, ह्या घरात हेच एक वाक्य ऐकत माझा जन्म गेला.

ते छापतील, न छापतील. नाही छापलं तर मी हातानं लिहून एकेका डॉक्टरच्या दारी नेईन. तुमच्या फोटोला हार घातलाय, तो काढणार नाही. पण तुम्हाला वाटत असेल, ही एवढी तावातावानं आपल्याला बोलतेय म्हणजे हिचं स्वतःचं साफ असेल, तर तसं नाही. तुम्ही 'ठाऊक आहे' म्हणालात त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट येते, आणि ती मी संपादकांना सांगणार नाही, तुम्हाला सांगते. तुम्हीच होता तिथं.

आप्पा आपल्या पुढच्या खोलीत होते. सकाळची वेळ. पितळी परातीत त्यांचा पाय, तुम्ही खाली उकिडवं बसून कात्रीनं सडलेलं कातडं कापत होता आणि मी तांब्यातनं औषधाचं जांभळं पाणी ओतत होते. किती हळू हातानं करत होता तुम्ही. पोटच्या पोरानं केलं नसतं इतकं. आप्पांना पायात काही कळत नव्हतं, ते आपले तुमच्या डोक्याकडं बघत होते. मग तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'बरं झालं डॉक्टर, तुमच्या सशांनी येळंवर सांगितलं. न्हायतर मी मरंस्तवर पालाच चघळत बसलो असतो.'

तुमची कात्री थांबली. माझा तांब्याही थांबला. मला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक होतं, आणि मधे आप्पा हसत बसले होते. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत, मी तुमच्याकडं बघितलं नाही. मग तुम्ही खाली मान घालून म्हणालात, 'पाणी.' आणि मी ओतलं.